जुनी ऑटोमॅटिक गाडी तापली की गिअर बदलताना धक्के मारते, गिअरबॉक्स खोलायचाच का?

पावसाळीवाट (पुणे):

नमस्कार मंडळी, बाबांच्या गाडीबद्दल मदत हवीये. जरा सविस्तरच लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला नको. २००८ चं मॉडेल, पेट्रोल सेडान, पाच गिअरचा ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा), रनिंग १ लाख ३८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, गाडीने इतकी वर्षं इमानदारीत साथ दिलीये आणि मला कुणाला नावं ठेवायची नाहीत.

त्रास दोन आहेत. पहिला, ब्रेक दाबून पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) ला किंवा एन (न्यूट्रल) मधून डी (ड्राइव्ह) ला टाकलं की खालून धाडकन आवाज येतो. दुसरा जास्त काळजीचा, गाडी चांगली तापली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना असा दणका बसतो की मागे बसलेल्या आईची मान हलते. सकाळी काढली की पहिला काही वेळ सगळं मऊ, कळत पण नाही गिअर कधी पडला ते, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधनं अर्धा तास काढला की सुरू. चेक इंजिनचा लाइट नाही. ॲव्हरेज पण उतरलंय असं बाबा म्हणतात.

एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल, लाखाच्या वर जाईल. दुसरीकडे म्हणाले एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करताय, विकून टाका. दोघांनीही स्कॅनर लावला नाही. बाबांचा डावा गुडघा बदललाय, क्लचची गाडी त्यांना आता जमणार नाही, आणि या वयात नवीन गाडी घ्यायचं त्यांच्या मनात नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की लाख रुपये खर्च करण्याआधी काय काय तपासून घ्यायला पाहिजे.

गोदाकाठ (नाशिक):

ताई, आधी गिअर ऑइल बदलून बघा. आमच्याकडे पण जुनी ऑटोमॅटिक होती, ऑइल बदललं आणि धक्के गेले. कंपनीवाले लाइफटाइम ऑइल, म्हणजे कधी बदलायलाच नको, म्हणतात त्यावर जाऊ नका.

पाना१२१३ (कोल्हापूर):

थांबा ताई, लगेच काही बदलू नका. माझं गॅरेज आहे, ऑटोमॅटिकचं काम बरंच करतो, म्हणून सांगतो. तुमचे दोन त्रास आहेत ते दोन वेगळे धरा. लोक सगळं एकत्र सांगतात आणि मेकॅनिक पण एकत्र ऐकतो, मग थेट गिअरबॉक्सवर बोट ठेवलं जातं.

एन मधून डी ला टाकताना धाड असा आवाज येतो त्यात बऱ्याच वेळा गिअरबॉक्सचा काही संबंधच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसलेला असतो ते रबर फाटलं की सगळा गोळा उचलला जातो आणि परत खाली बसतो, तो आवाज. घरी बघता येतं. सपाट जागा, हँडब्रेक ओढा, बाबा आत बसून ब्रेक घट्ट दाबून ठेवतील, बॉनेट उघडा आणि तुम्ही गाडीच्या बाजूला उभ्या राहा. पुढे नाही, मागे पण नाही, बाजूलाच. मग बाबांना डी, एन, आर असं सावकाश फिरवायला सांगा. इंजिन थोडं हलणारच, पण एकदम उचललं जाऊन आपटत असेल तर माउंटिंग गेलंय. त्याच वेळी आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाचा आरपीएम पण बघा. गरम गाडीचा सातशे साडेसातशेच्या आसपास पाहिजे. हजाराच्या वर असेल तर गिअर पडताना दणका बसणारच, त्याला गिअरबॉक्सने काय करायचं.

आता ऑइल. बदलायच्या आधी बघा. तुमच्या गाडीला डिपस्टिक असेल तर गाडी चांगली तापवून, सपाट जागी, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरनं एकदा फिरवून पी ला आणायचा, आणि इंजिन चालू ठेवून बघायचं. काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतंय, तेवढं नक्की वाचा. पुसायला धागे सुटणारं फडकं वापरू नका, आत एक धागा गेला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतो. मग एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून थोडा वेळ ठेवा. तांबूस किंवा तपकिरी डाग पसरला, कडा साफ असल्या तर ऑइल जुनं आहे एवढंच. मधोमध काळा ठिपका राहिला, बोटाला कचकच लागली, जळल्याचा वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळतायत. ऑइल कमी असेल तरी धक्के आणि जास्त असेल तरी धक्के, कारण जास्त झालं की फिरणाऱ्या पार्टांत घुसळून फेस होतो आणि फेसाने प्रेशर धरत नाही.

एवढं बघून इथं लिहा, मग पुढचं बोलू.

जर्सीकर (न्यू जर्सी):

पाना दादांनी बरोबर सांगितलंय. इकडे घरोघरी ऑटोमॅटिकच असतात त्यामुळे हा त्रास मी बऱ्याच जणांच्या गाड्यांत बघितलाय. थोडं आतलं सांगतो म्हणजे पुढच्या तपासणीचा अर्थ लागेल.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलतो म्हणजे एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. पकडायचं काम ऑइलचं प्रेशर करतं. हे प्रेशर किती हवं ते गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो ठरवतो बाहेरून आलेल्या माहितीवर. ॲक्सिलरेटर किती दाबलाय, इंजिनमध्ये हवा किती जातीये, गाडीचा वेग काय, आतल्या शाफ्टचा वेग काय, ऑइल किती गरम आहे. त्या हिशोबाने सोलेनॉइडला, म्हणजे ऑइलची वाट उघडबंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हला, हुकूम जातो. शिवाय गिअर पडायच्या क्षणी तो इंजिनला सांगतो की जरा जोर कमी कर, म्हणून इग्निशन, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, क्षणभर मागे घेतलं जातं. यातली एक माहिती जरी चुकीची गेली तरी कॉम्प्युटर जास्त प्रेशर देतो आणि क्लच हळू पकडायच्या ऐवजी एकदम पकडतो. आत सगळं ठणठणीत असलं तरी तुम्हाला दणका बसतो.

आणि हे मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. शंका आली की प्रेशर वाढवायचं, कारण कमी प्रेशरने क्लच घसरून जळतो आणि जास्त प्रेशरने फक्त धक्का बसतो. मोठा बिघाड दिसला तर कॉम्प्युटर लिंप मोडमध्ये जातो, बऱ्याच गाड्या मग एकाच गिअरवर, बहुतेक तिसऱ्यावर अडकतात आणि प्रेशर पूर्ण असतं. तुमची गाडी सगळे गिअर बदलतीये म्हणजे लिंप मोड नाही, पण कुठलीतरी माहिती चुकीची जातीये असं मला वाटतं.

उलट प्रकार असता, म्हणजे गिअर बदलताना आरपीएम वर पळतोय आणि गाडी खेचत नाहीये, तर मी पण गिअरबॉक्स उतरवा म्हणालो असतो. धक्का बसणं आणि घसरणं यातला फरक आधी पक्का करा. तुमच्याकडे आरपीएम पळतो का?

पावसाळीवाट (पुणे):

खूप खूप आभार, आज सगळं करून बघितलं.

आरपीएम अजिबात पळत नाही. गिअर पडतो तेव्हा काटा एकदम खाली येतो, तेव्हाच दणका. आयडल गरम असताना सातशेच्या जरासं वर, म्हणजे ठीक. ऑइल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये आहे. रंग गडद तपकिरी, वास नेहमीच्या ऑइलचा, टिश्यूवर डाग पसरला, मध्ये काळं काही राहिलं नाही. शेवटचं कधी बदललं होतं ते बाबांच्या वहीत सापडलं, ६० हजारावर.

आणि माउंटिंग! बाबांनी आर ला टाकलं तसं इंजिन अक्षरशः दोन बोटं वर उचललं गेलं आणि डी ला टाकल्यावर खाली आपटलं. टॉर्च मारून बघितलं तर बाजूच्या माउंटिंगचं रबर उभं चिरलंय आणि खाली काळ्या तेलाचा ओघळ आलाय. शेजारचे काका म्हणाले आत तेल भरलेलं माउंटिंग असतं, ते फुटलंय. म्हणजे पहिल्या त्रासाचं कारण मिळालं म्हणायचं का?

पाना१२१३ (कोल्हापूर):

मिळालं. बदलून घ्या, नाना पेठेत मिळेल. ओरिजिनल किंवा चांगल्या कंपनीचंच घ्या, फालतू रबर सहा महिन्यात बसतंय. पण दोन तीनचा धक्का त्याने पूर्ण जाणार नाही, थोडा कमी वाटेल. तो तापल्यावरच येतोय ना, तिथंच खरी खूण आहे.

ऑइल पण बदलायला झालंय, पण त्या आधी स्कॅन करा. ऑइल बदलल्यावर फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही.

वऱ्हाडी_थ्रॉटल (नागपूर):

ऑइल बदलणार असाल तर एक सांगून ठेवतो, मशीन लावून फ्लश करू नका, म्हणजे सगळं जुनं ऑइल प्रेशरने ढकलून काढू नका. माझ्या ओळखीत एकाने दीड लाख किलोमीटरच्या गाडीला मशीनने फ्लश करून घेतलं आणि पुढच्या महिन्यात गिअर घसरायला लागला. जुन्या गाडीत जुनं ऑइलच राहू द्यावं असं माझं मत आहे, त्यात मिसळलेल्या क्लचच्या भुकटीनेच पकड येत असते.

पाना१२१३ (कोल्हापूर):

भाऊ, फ्लशबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, पण जुनंच राहू द्या हे काही पटत नाही. जी गाडी फ्लशनंतर गेली ती बहुतेक आधीच गेलेली असते, घसरायला लागली म्हणूनच माणूस ऑइल बदलायला आणतो, आणि नाव ऑइलचं होतंय.

नुसतं खालचा बोल्ट काढून सोडायचं आणि तेवढंच भरायचं. यात सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पायपांत अडकून राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं, तर ६० टक्के जुनं उरलं. मध्ये थोडी गाडी चालवून परत तसंच केलं की ३६ टक्के, तिसऱ्यांदा केलं की २२ टक्क्यांच्या आत जुनं. तीन वेळा सावकाश केलं तर गिअरबॉक्सला कसलाच त्रास नाही. जेवढं निघालं ते मापात मोजायचं आणि तेवढंच भरायचं. आणि त्या बोल्टला लोहचुंबक असतो तो बघायचा, करडा चिखल चिकटलेला असेल तर ती नेहमीची झीज, चमकणारे तुकडे निघाले तर मात्र वाईट बातमी.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून दुकानदार जे देतात ते घेऊ नका. डेक्सरॉन-६ हे ऑटोमॅटिकचं ऑइल २००५ साली आलं, ते जुन्या डेक्सरॉन-३ पेक्षा पातळ आहे, आणि जपानी कंपन्यांची ऑइलं परत त्याहून वेगळी. क्लच किती झटक्यात पकडणार हे ऑइलमधल्या मिश्रणावर पण असतंय, रंग लाल दिसला म्हणून सगळी सारखी नसतात.

चहा_आणि_चारचाकी (ठाणे):

मध्येच विचारतोय, माझी २०१५ ची छोटी हॅचबॅक आहे, एएमटी. तिला पण धक्के बसतात, हेच सगळं लागू होईल का?

जर्सीकर (न्यू जर्सी):

नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि लिव्हर मोटरने किंवा हायड्रॉलिकने हलवले जातात. थोडा झटका तिच्या स्वभावातच आहे, गिअर पडताना पाय किंचित उचलला की कमी होतो. एकाएकी वाढला असेल तर क्लच प्लेट किती उरलीये ते बघा आणि सर्व्हिस सेंटरला क्लचची पकड परत शिकवून घ्या. बेल्टवर चालणाऱ्या सीव्हीटीचं पण वेगळं, आणि दोन क्लचवाल्या डीएसजीचं वेगळं. गाडीच्या मागे ऑटोमॅटिक लिहिलंय यावरून काही कळत नाही, आत कुठला प्रकार आहे ते आधी बघायचं. या धाग्यात जे चाललंय ते टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे आय-टेन, ए-स्टार, एसएक्स-फोर यांच्या जुन्या ऑटोमॅटिकला लागू होईल असं.

ओहम_सायलेंट (डोंबिवली):

धागा आत्ताच वाचला. मी इलेक्ट्रॉनिक्समधला, गाड्यांच्या वायरिंगचं काम हौसेने करतो. पावसाळीवाट, तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी मला एकाच ठिकाणी बोट दाखवतायत. थंड असताना ठीक आणि तापल्यावर धक्के, ही एक. ॲव्हरेज उतरलंय, ही दुसरी.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो. हायवेला तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडले जातात, घसरण बंद, पेट्रोल वाचतं. पण कॉम्प्युटर तो ऑइल गरम झाल्याशिवाय लावत नाही. ऑइल तापलंय हे त्याला कळलंच नाही तर लॉक-अप लागणार नाही आणि ॲव्हरेज उतरणार. आणि थंड ऑइल घट्ट असतं, क्लचच्या पोकळीत हळू शिरतं, म्हणून थंड असताना कॉम्प्युटर क्लच भरायला जास्त वेळ आणि जास्त प्रेशर देतो. प्रत्यक्षात ऑइल तापून पातळ झालेलं आणि कॉम्प्युटर मात्र ते थंड समजून जास्तच ढकलतोय, तर क्लच दणक्यात पकडणार. म्हणून मला ऑइलच्या टेंपरेचर सेन्सरचा संशय येतोय.

आता बघायचं कसं. चारपाचशेचा ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर बऱ्याच जुन्या गाड्यांत फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतो. आपल्याकडे ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड ओळखून कोड साठवायचा, नियमच एप्रिल २०१० पासून आला आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून, तुमची गाडी २००८ ची, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवू नका. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेगळा वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जा. लाइट लागला नाही म्हणजे कोड नाही असं नसतं. पी०७०० दिसला तर तो नुसता निरोप्या आहे, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी आहे एवढंच तो सांगतो, खरा कोड आत जाऊन वाचावा लागतो. पी०७११ असेल तर ऑइलच्या टेंपरेचरचा आकडा पटण्यासारखा नाही. पी०७१५ आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा सेन्सर, पी०७२० बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा, पी०७४० लॉक-अपचा, पी०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा. कोड दिसला की लगेच तो पार्ट बदलायचा नाही, कोड म्हणजे कुठे बघायचं त्याचा पत्ता.

कोड असो नसो, लाइव्ह डेटा बघा. गाडी अर्धा तास चालवून दोन आकडे शेजारी शेजारी बघायचे, इंजिनच्या पाण्याचं टेंपरेचर आणि गिअर ऑइलचं टेंपरेचर. पाण्याचं पण बघा, कारण थर्मोस्टॅट (रेडिएटरला जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल तर इंजिनच थंड राहतं आणि तरीही लॉक-अप लागत नाही.

आणखी एक साधी चाचणी. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ८० च्या आसपास एका लयीत चालवा आणि ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श करा, ब्रेक लाइट लागेल इतकाच. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि आरपीएम दोनेकशेनं वर जातो. काटा हललाच नाही तर लॉक-अप लागलेलाच नव्हता. गुडघ्याचा त्रास आहे तेव्हा बाबांना नका करायला सांगू, सवय असलेल्यानेच करा.

पावसाळीवाट (पुणे):

ओहम दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण आकडे अगदी तसेच निघाले!

वडगावला एक जण आहे, घरूनच काम करतो, त्याच्याकडे पूर्ण स्कॅनर आहे. त्याने गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचला, पी०७११ साठवलेला होता, लाइट न लावता. मग त्याला शेजारी बसवून मी नवले पुलावरून कात्रजच्या जुन्या घाटात वरपर्यंत जाऊन आले. निघताना इंजिनचं पाणी ३१ आणि गिअर ऑइल २४ दाखवत होतं. घाट चढून झाल्यावर पाणी ९१, आणि गिअर ऑइल ४९! तिथून पुढे हलायलाच तयार नाही, ४८, ४९, ५०. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनवर त्याने इन्फ्रारेड थर्मामीटर मारला तर बाहेरूनच ८४ आलं. प्रत्येक दणक्याला मी त्याला आत्ता म्हणत होते आणि तो स्क्रीनवर बघत होता. ब्रेकला स्पर्श करायची चाचणी त्याने बायपासला स्वतः केली, काटा जागचा हलला नाही.

पण तो म्हणतोय सेन्सर आतल्या वायरिंगला जोडलेला आहे, पॅन उतरवावा लागेल, आणि पार्ट मिळेल की नाही माहीत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या पार्टात बघतो म्हणाला. मागवायचा का?

ओहम_सायलेंट (डोंबिवली):

नका मागवू अजून! आकडे बघा नीट. थंड असताना चूक पाचसात अंशांची आणि गरम असताना चाळीसची. सेन्सर पूर्ण तुटला असता तर उणे ४० सारखा काहीतरी वेडावाकडा आकडा आला असता. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, कमी होतो. थंड असताना तो काही हजार ओहम असतो आणि चांगला तापल्यावर दोनचारशे. समजा वायरीच्या जोडात कुठेतरी गंज आहे आणि तिथे हजारेक ओहम जास्तीचे घुसलेत. थंड असताना साडेतीन हजारात एक हजार वाढले तर आकडा थोडासाच खाली येतो. पण गरम असताना खरे चारशे आणि वरून हजार, कॉम्प्युटरला दिसले चौदाशे, त्याच्या हिशोबाने ऑइल पन्नासच्या आसपास. तुमचा आकडा तोच आहे.

म्हणून आधी कनेक्टर. गिअरबॉक्सच्या केसवर जिथे सगळ्या वायरी आत जातात तो गोल किंवा चौकोनी मोठा कनेक्टर शोधा. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, कनेक्टर सोडवा, दोन्ही बाजूंच्या पिना टॉर्च मारून बघा. मग गाडी गरम असतानाच मीटर लावून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये गिअरबॉक्सच्या बाजूने किती ओहम येतात ते घ्या. दोनचारशे आले तर आतला सेन्सर चांगला आहे आणि दोष बाहेरच्या जोडात. हजाराच्या वर आले तर आत उतरावं लागेल.

पाना१२१३ (कोल्हापूर):

लय बेस्ट समजावलं ओहमराव. मी एक घालतो, कनेक्टर उघडल्यावर आत ऑइल दिसतंय का ते पण बघा. काही गिअरबॉक्समध्ये कनेक्टरच्या सीलमधनं ऑइल वायरीच्या आतनं वर चढत कॉम्प्युटरपर्यंत जातंय. मर्सिडीजच्या ७२२.६ गिअरबॉक्समध्ये हे प्रसिद्ध आहे, तिथं ओ-रिंगचा एवढासा पार्ट बदलला की काम होतं आणि न बघता लोक कॉम्प्युटर बदलत बसतात.

पावसाळीवाट (पुणे):

मंडळी, सापडलं.

कनेक्टर बरोबर बॅटरीच्या ट्रेच्या खाली आहे. ट्रे काढल्यावर दिसलं की वरून बॅटरीचं पाणी ओघळून कनेक्टरच्या रबरी बुटावर (आवरणावर) पांढरी पावडर साचलीये, आणि बुटाला एका बाजूने बारीक चीर गेलीये. सोडवला तर आत ऑइल अजिबात नाही, सगळ्या पिना स्वच्छ, फक्त कोपऱ्यातल्या दोन पिनांवर हिरवा थर, त्यातली एक तर अर्धी खाल्लेली. वायरिंगच्या नकाशात बघितलं, त्या दोनच टेंपरेचर सेन्सरच्या. गिअरबॉक्सच्या बाजूने मीटर लावला, गरम गाडीवर ३९० ओहम. म्हणजे आतला सेन्सर एकदम व्यवस्थित.

वडगावच्या त्या स्कॅनरवाल्याने कनेक्टर साफ करायचा स्प्रे मारून बारीक ब्रशने पिना घासल्या, वायरीकडचं खाल्लेलं टर्मिनल कापून नवीन लावलं, बूट बदलला, आत डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत येऊ न देणारं) भरलं. माउंटिंग पण त्याच दिवशी बदललं. सगळं मिळून माउंटिंगचाच खर्च मोठा होता, कनेक्टरचे पैसे तर तो घेतच नव्हता, मी बळेच दिले.

परत तोच कात्रजचा घाट. ऑइलचं टेंपरेचर वर पोचेपर्यंत ८८. पी मधून आर ला टाकलं की आवाज नाही. दोन तीनचा दणका खूप कमी झालाय, आधी मान हलायची आता फक्त कळतं. पण पूर्ण गेलेला नाही. एवढं होऊन पण थोडा का राहिला असेल?

जर्सीकर (न्यू जर्सी):

वा, फार आनंद झाला वाचून!

उरलेला बहुतेक कॉम्प्युटरच्या शिकण्याचा आहे. तो प्रत्येक शिफ्टला किती वेळ लागला ते मोजतो आणि पुढच्या वेळी प्रेशर थोडं इकडे तिकडे करतो. इतके महिने चुकीच्या टेंपरेचरवर तो जे शिकलाय ते अजून त्याच्याकडे साठवलेलं आहे. स्कॅनरने गिअरबॉक्सचं लर्निंग रीसेट करता येत असेल तर करा. काही गाड्यांत बॅटरी काढल्याने होतं, सगळ्यांत होत नाही, तुम्ही कनेक्टरसाठी बॅटरी काढलीच होती तरी राहिलंय म्हणजे स्कॅनरनेच करावं लागेल. मग गाडी गरम करून, हलक्या पायाने, थांबून परत निघून, सगळे गिअर क्रमाने पडतील अशी चालवा. नंतर थोडा मध्यम पाय देऊन तसंच. शिकेपर्यंत जोरात दाबू नका.

ऑइल त्याच्या आधी बदलून घ्या, नाहीतर जुन्या ऑइलवर शिकेल आणि परत शिकावं लागेल.

वऱ्हाडी_थ्रॉटल (नागपूर):

ताई, अभिनंदन. पण एक विचारतो बाकीच्यांना, समजा सेन्सर, कनेक्टर, ऑइल सगळं ठीक निघालं असतं तर पुढे काय? माझ्या भावाची २००६ ची गाडी अशीच आहे, एकच शिफ्ट दणक्यात, थंड गरम कधीही, कोड काही नाही.

पाना१२१३ (कोल्हापूर):

तर पहिलं बाहेरचंच. थ्रॉटल बॉडीत कार्बन, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर घाण, यामुळे इंजिनचा लोड चुकीचा कळतोय आणि प्रेशर वाढतंय. एमएएफला त्याचाच स्प्रे मारायचा, कार्ब्युरेटर क्लीनर मारला तर तार जाते. गाडी नव्वदीच्या दशकातली असेल तर थ्रॉटलपासून गिअरबॉक्सला गेलेली केबल बघायची, ती जास्त ताणलेली असली की प्रत्येक शिफ्ट उशिरा आणि कडक.

हे ठीक असेल आणि फक्त एकच शिफ्ट कायम कडक असेल, तर त्या शिफ्टचं सोलेनॉइड किंवा ॲक्युम्युलेटर. ॲक्युम्युलेटर म्हणजे स्प्रिंगवरचा एक पिस्टन, तो दट्ट्या मागे सरकत प्रेशरचा पहिला झटका गिळतो. स्प्रिंग तुटली किंवा पिस्टन अडकला की झटका सरळ क्लचवर. यासाठी बऱ्याच गाड्यांत नुसता पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला भाग) काढावी लागते, गिअरबॉक्स गाडीतच राहतो. चालू-बंद प्रकारचं सोलेनॉइड साधारण ११ ते १५ ओहम, प्रेशर सांभाळणारं पाचच्या आसपास, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

मग प्रेशर गेज. केसवर चाचणीसाठी बोल्ट दिलेला असतो तिथं गेज लावून आयडलला आणि रेस देऊन किती येतंय ते बघायचं. सगळ्या गिअरला प्रेशर जास्त येत असेल तर कंट्रोलचा दोष, बरोबर येत असेल आणि तरी एकच क्लच दणका देत असेल तर दोष त्या क्लचच्या वाटेवर. ज्याच्याकडे हे गेज नाही त्याने ओव्हरहॉलचा आकडा सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइल जळकं, पॅनमध्ये चमकणारे तुकडे, आरपीएम पळतोय, यातलं काही असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवा, तिथं वाट बघण्यात अर्थ नाही.

भावाच्या गाडीचा नेमका कुठला शिफ्ट ते लिहा, एकातून दोन का तीनातून चार.

वऱ्हाडी_थ्रॉटल (नागपूर):

एकातून दोन. थ्रॉटल बॉडी, ऑइल रविवारी बघतो आणि एमएएफ साफ करून मग लिहितो.

पावसाळीवाट (पुणे):

शेवटचं अपडेट. ऑइल पाना दादांनी सांगितलं तसं तीन टप्प्यांत बदललं, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. बोल्टच्या चुंबकावर करडा लगदा होता, तुकडा एकही नाही. त्यानंतर स्कॅनरने लर्निंग रीसेट करून मी संध्याकाळी मार्केट यार्डच्या बाजूने हळूहळू फिरवली. धक्का गेला. दोन तीन कधी झाला ते आता आरपीएमच्या काट्याकडे बघूनच कळतं. बायपासला ८० वर आरपीएम आधीपेक्षा कमी राहतो, ब्रेकला स्पर्श केला की काटा वर जातो. पुढच्या आठवड्यात बाबांना वाईला जायचंय, खंबाटकीचा घाट ते स्वतः चालवणार म्हणतायत.

ओहम_सायलेंट (डोंबिवली):

जाऊ द्या बिनधास्त. फक्त बॅटरीचं पाणी परत ओघळणार नाही ते बघा, ते थांबलं नाही तर नवीन टर्मिनल पण खाल्लं जाईल. चार्जिंगचं व्होल्टेज मोजून घ्या, इंजिन चालू असताना १४.७ च्या वर जात असेल तर बॅटरी जास्त चार्ज होतीये आणि पाणी तिथूनच उसळतंय.